शांततेचा खर्च

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि स्वभावतःच मोठ्या वस्तूंकडे जाते. धरण किती उंच, एंजिन किती अश्वशक्तीचें, तोफेचा पल्ला किती, या प्रश्नांचीं उत्तरें शाळेच्या पुस्तकांतहि सांपडतात. एकादें काम कमींत कमी किती शक्तींत होऊं शकेल, या प्रश्नामागें शंभर वर्षें लागलेल्या माणसांची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. आम्हांस ती सांगावीशी वाटते, आणि तिचा आरंभ वऱ्हाडांतील आर्णीपासून करावा असेंहि वाटतें. कारण जेथें वीज तारेनें घरांत येते, तेथें या काटकसरीचें मोल सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आर्णी हें यवतमाळ जिल्ह्यांतील अरुणावती नदीकांठचें गांव. आज तें तालुक्याचें ठिकाण असून नागपुराहून तुळजापुराकडे जाणारा हमरस्ता तेथून जातो. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यामुळें आसपासच्या मुलखांत त्याचें नांव आहे. भोंवतालची जमीन काळी, आणि पीक मुख्यतः कापसाचें. आमचें आजोळ त्या बाजूचें. १९६० नंतरच्या दशकांत मामांनीं चार सेलांवर चालणारा एक ट्रॅन्झिस्टर घेतला होता. शेतावरच्या घरांत वीज नव्हती. तेव्हां बाहेरचें जग त्या घरांत शिरण्यास तेवढी एकच वाट होती. सायंकाळीं नागपूर केंद्रावरून बातम्या, हवामान व बाजारभाव ऐकावयाचे, आणि लगेच खटका बंद करावयाचा, असा मामांचा दंडक असे. गाण्यासाठीं आम्हीं मुलांनीं हट्ट धरला तर मामा एवढेंच म्हणत, "सेल काय झाडाला लागतात?"

एके वर्षीं वैशाखांत तो संच दुपारीं ओट्यावर उन्हांत राहिला. आंतला आवाज आधीं घोगरा झाला, मग चिरका, आणि थोड्याच वेळानें बंद पडला. मामा संतापले. मामींनीं मात्र तो उचलून माजघरांत माठाजवळ ठेवला. "उन्हानें घसा बसला त्याचा, निवला कीं बोलेल," असें त्या म्हणाल्या. आम्ही हंसलों. "बोलतो ना तो? मग त्याला ऊन नाहीं लागणार?" असा त्यांचा उलट प्रश्न. दिवेलागणीच्या सुमारास संच खरोखरच बोलूं लागला. पुढें वीज-शास्त्राचीं पुस्तकें चाळण्याचा प्रसंग आला तेव्हां कळलें, कीं मामींचें निदान जवळजवळ शास्त्रशुद्ध होतें. त्याचा खुलासा योग्य स्थळीं करूं.

क्षीण विद्युत्-संदेशास कर्ण्यांतून ऐकूं येण्याइतकें बळ देणाऱ्या रचनेस इंग्रजींत अँप्लिफायर म्हणतात; आपण तिला विवर्धक म्हणूं. नांवावरून असा समज होतो, कीं हें यंत्र बारीक आवाजास ओढून-ताणून मोठें करतें. वस्तुतः तसें कांहीं घडत नाहीं. मोटेचें पाणी पाटानें मळ्यांत येत आहे, आणि वाफ्याच्या तोंडाशीं फावडें घेऊन एक पोऱ्या दारें धरीत उभा आहे, असें वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. पोऱ्यानें चार ढेकळें इकडचीं तिकडे केलीं कीं घागरींनीं पाणी दिशा बदलतें. पाणी उपसण्याचे श्रम बैलांचे. पोऱ्याचे श्रम नांवाला. पण पाणी केव्हां व किती जावें हें ठरवितो पोऱ्या. विवर्धकांत आकाशांतून आलेली क्षीण लहर हा पोऱ्या होय, आणि बॅटरी हे बैल होत. कर्ण्यांतून जो आवाज निघतो तो सारा बॅटरीच्या शक्तीचा. वक्त्यानें त्यास फक्त आकार दिलेला असतो.

आतां या मळेकऱ्याची खरी अडचण पाहा. आवाज म्हणजे वर-खालीं होणारी लाट. ती हुबेहूब उतरवावयाची तर दार आधींपासून अर्धें उघडें असलें पाहिजे, म्हणजे तें अधिक उघडतांहि येईल व अधिक झांकतांहि येईल. याचा अर्थ असा, कीं वक्ता श्वास घेण्यास थांबला, गवई तंबोरा जुळवूं लागला, किंवा केंद्रावर दोन कार्यक्रमांमध्यें शांतता पसरली, तरी इकडे पाणी वाहतच आहे व बैल चालतच आहेत. या रचनेस शास्त्रांत 'ए' वर्ग म्हणतात. तींतून बॅटरीच्या शक्तीचा फार तर अर्धा भाग आवाजाच्या रूपानें हातीं लागतो, तोहि आवाज सर्वांत मोठा असतांना. एरव्हीं त्याहून पुष्कळच कमी. मनुष्याच्या बोलण्यांत तर मोठा आवाज क्षणभर येतो व जातो. बाकीचा काळ हळू स्वर व विराम यांचा. म्हणून बॅटरीवर रेडिओ ऐकणारा मनुष्य शब्दांचे पैसे थोडे आणि शांततेचे फार देत असे. अल्पशक्तीच्या विवर्धकांचा इतिहास म्हणजे हा शांततेचा खर्च कमी कमी करीत नेण्याचा इतिहास, असें आमचें मत आहे.

मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं आपलें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केलें. त्याची शक्ति दीड किलोवॉट, आणि खात्रीनें ऐकूं येण्याचा टापू सुमारें तीस मैलांचा. त्या टापूंत राहणाऱ्यास एक फुकटची सोय होती. गॅलेना नांवाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकलेली बारीक तार, उंच बांधलेली एक एरियल आणि कानाला लावण्याचीं श्रवणयंत्रें एवढ्या सामग्रीवर आवाज ऐकूं येई. बॅटरी मुळींच लागत नसे. ऐकण्यास लागणारी सारी शक्ति प्रक्षेपकाकडूनच हवेंतून येई. मनुष्याचा कान ही इतकी विलक्षण वस्तु आहे, कीं मिलिवॉटाच्या अल्प अंशावरहि तो आपलें काम भागवितो. उधळ्या खरा तो कर्णा. त्याला दिलेल्या शक्तीपैकीं शेंकडा एक-दोन भागच आवाज होतो, बाकी सारी उष्णता होऊन जाते. पण ओसरीवर दहा जणांस ऐकवावयाचें तर कर्ण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आर्णी मुंबईपासून सरळ रेषेनें पांचशें किलोमीटरांहून दूर. तेथें खड्याचा उपयोग नाहीं. निर्वात नळ्यांचा, म्हणजे व्हाल्व्हांचा संचच पाहिजे. व्हाल्व्हाची कल्पना ली डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थाची, १९०६ सालची. पहिल्या महायुद्धांत ती पक्की झाली. नळींत एक तंतु तापवावयाचा, त्यांतून विद्युत्कण बाहेर पडावयाचे, आणि वाटेंतील जाळीनें त्यांचें दार धरावयाचें, अशी ती योजना. मात्र तंतु तापविण्याचा खर्च हा पाणी वाहण्याच्या खर्चाहून निराळा. बैलांस वैरण घालावयाची ती घालावयाचीच. शिवाय पोऱ्याच्या हातांत दिवसाहि मशाल जळत ठेवावयाची, असाच हा प्रकार. त्या युद्धांतील प्रसिद्ध फ्रेंच नळी ४ व्होल्टांवर ०.७ अँपिअर खाई. म्हणजे एका नळीस २.८ वॉट नुसत्या तापण्यास लागत. चार नळ्यांचा संच म्हटला कीं मोटारीला असते तसली, तेजाबानें भरलेली शिशाची जड बॅटरी आली. ती भरून आणण्यास वीज असलेल्या शहरापर्यंत गाडी जोडणें आलें. शिवाय दुसरी एक कोरडी बॅटरी ९० व्होल्टांची, जिच्यांत दीड दीड व्होल्टाचे साठ लहान घट एकापुढें एक बांधलेले असत. साठांपैकीं एक मेला कीं बाकीचे एकुणसाठ निकामी! कुटुंबांत असे प्रसंग पाहिलेल्यांस या योजनेंतील दोष निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

मुंबईची ती कंपनी १९३० सालीं बुडाली. सबंध देशांत परवान्यांची संख्या तोंवर आठ हजारांपर्यंतहि पोंचली नव्हती. पुढें सरकारनें काम हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. कंपनी बुडण्याचीं कारणें अनेक सांगतात. संचांची महागाई त्यांत एक होती. आमच्या समजुतीप्रमाणें, संच घेण्यापेक्षां तो चालता ठेवणें खेड्यांतील कुटुंबास अधिक जड गेलें असतें.

या अडचणीवर दोन बाजूंनीं हल्ला झाला. पहिली बाजू तंतूची. १९२२ सालीं अमेरिकेंत डब्ल्यू-डी-११ या नांवाची नळी निघाली. ती एका कोरड्या घटावर, १.१ व्होल्टांत चाले व तापण्यास पाव वॉटाहून थोडेंच अधिक घेई. तंतूवर योग्य लेप दिला तर तो पांढरा शुभ्र तापवावा लागत नाहीं, मंद तांबूस झाला तरी विद्युत्कण सोडतो, या शोधाचें हें फळ. पुढें इंग्लंडांत २ व्होल्टांच्या, ०.१ अँपिअरच्या नळ्या रूढ झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १.४ व्होल्टांच्या नळ्या निघाल्या. हा १.४ चा आंकडा सहज आलेला नाहीं. कोरडा घट नवा असतां दीड व्होल्टाचा असतो आणि म्हातारा होतां होतां १.१ पर्यंत उतरतो. त्या साऱ्या आयुष्यांत तंतु जळूंहि नये व थिजूंहि नये असा बेतलेला हा मध्य आहे. यांपैकीं पुष्कळ नळ्या ०.०५ अँपिअरवर भागवीत, म्हणजे ०.०७ वॉट. १९५० नंतर फिलिप्सनें केलेल्या डीके-९६ इत्यादि नळ्यांत तर हा खर्च ०.०३५ वॉटावर आला. २.८ पासून ०.०३५ पर्यंत! चाळीस वर्षांच्या आंत मशालीचें तेल ऐशीं पटींनीं घटलें. या काटकसरीचा डंका कोणी पिटला नाहीं.

दुसरी बाजू पाटाची. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंत व इंग्लंडांत अभियंत्यांनीं बॅटरीच्या संचांसाठीं निराळी व्यवस्था प्रचारांत आणली. दार अर्धें उघडें ठेवणारा एक पोऱ्या असण्याऐवजीं दोन ठेवावे; दोघांचींहि दारें एरव्हीं बंद; लाटेचा वरचा अर्धा भाग एकानें सोडावा, खालचा दुसऱ्यानें. लाट नसेल तेव्हां दोघांनींहि स्वस्थ बसावें. या 'बी' वर्गाच्या रचनेंत हिशेबानें शेंकडा ७८ पर्यंत शक्ति आवाजांत उतरूं शकते. पण तिचें खरें महत्त्व त्या आंकड्यांत नाहीं. शांततेचा खर्च येथें प्रथमच शून्याजवळ आला, आणि श्रोता जेवढें ऐकेल तेवढ्याचेंच देणें त्याच्यावर पडूं लागलें. आम्हांस ही युक्ति नुसत्या नव्या नळीच्या शोधाहून मोठी वाटते, कारण ती पदार्थांतून निघालेली नसून विचारांतून निघालेली आहे.

इतकें होऊनहि हिशेब खेड्यास परवडण्यासारखा झाला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चार नळ्यांच्या साध्या बॅटरी-संचाचें गणित मांडून पाहूं. चार तंतूंस मिळून पाव अँपिअर, १.४ व्होल्टांवर, म्हणजे ०.३५ वॉट. वरच्या बॅटरीचे ९० व्होल्ट व दहा-एक मिलिअँपिअर, म्हणजे ०.९ वॉट. एकूण सव्वा वॉट खर्च केला, कीं कर्ण्यास जास्तींत जास्त पाव वॉट मिळणार. आणि स्वातंत्र्याच्या वेळीं देशांतील साडेपांच लाखांवर खेड्यांपैकीं वीज पोंचलेलीं खेडीं चार हजारहि नव्हतीं. गांवच्या माणसानें कापसाचा भाव त्याच दिवशीं ऐकावा कीं आठवड्यानें व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकावा, हें अशा स्थितींत मिलिअँपिअरांवर ठरत होतें.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. यवतमाळ जिल्हा तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाडांत असून नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. तेव्हां वऱ्हाडच्या शेतकऱ्यास आपल्या भाषेंत व आपल्या प्रांतांतून बोलणारें केंद्र त्या दिवशीं लाभलें. योगायोग असा, कीं याच्या बरोबर सोळा दिवस आधीं, ३० जून १९४८ रोजीं, न्यूयॉर्क येथें बेल प्रयोगशाळेनें ट्रॅन्झिस्टर जगापुढें मांडला होता. बार्डीन व ब्रॅटन यांनीं तो १९४७ च्या डिसेंबरांत सिद्ध केला होता, आणि शॉक्ली यांनीं त्याची अधिक चांगली जात पुढें काढली. तिघांना मिळून १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्या दिवशींच्या घोषणेस न्यूयॉर्क टाइम्सनें आंतल्या पानावर, रेडिओ-वार्तांच्या सदराच्या शेवटीं जागा दिली. बातमीची योग्यता ओळखण्यांत वृत्तपत्रांची चूक होते ती अशी.

ट्रॅन्झिस्टरांत तंतु नाहीं. म्हणजे मशालीचा खर्च गेला. ९० व्होल्टांची गरज नाहीं. म्हणजे साठ घटांची माळ गेली. जर्मेनियमच्या कणांतून विद्युत्कण वाहूं लागण्यास दोन-तीन दशांश व्होल्ट पुरतात. १९५१ सालीं बेलच्याच माणसांनीं नव्या जातीचा ट्रॅन्झिस्टर एका मायक्रोवॉटाहूनहि कमी शक्तीवर चालवून दाखविला. जुन्या फ्रेंच नळीच्या तंतूस जेवढी शक्ति लागे तेवढींत असे दहा लाखांहून अधिक ट्रॅन्झिस्टर चालते.

या शोधाचा पहिला घरगुती उपयोग झाला तो बहिऱ्यांसाठीं, रेडिओसाठीं नव्हे. १९५२ च्या अखेरीस अमेरिकेंत ट्रॅन्झिस्टर घातलेलें पहिलें श्रवणयंत्र बाजारांत आलें, आणि बेल कंपनीनें श्रवणयंत्रें करणाऱ्यांकडून आपल्या हक्काचा मोबदला घेतला नाहीं. कारण ज्यांच्या नांवानें ती कंपनी चाले त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं आयुष्यभर बहिऱ्यांच्या शिक्षणाची चिंता वाहिली होती. कमी शक्तीचा विवर्धक सर्वांत निकडीचा होता तो अशाच माणसास, कारण तो त्यास सबंध दिवस अंगावर वागवावा लागे. १९५४ सालीं चार ट्रॅन्झिस्टरांचा पहिला खिशांतला रेडिओ अमेरिकेंत विकूं लागले, आणि पुढच्याच वर्षीं जपानांतूनहि तसा संच निघाला.

आपल्याकडे हें लोण येण्यास कांहीं वर्षें लागलीं. दरम्यान १९५६ सालीं पुणें केंद्रानें एक प्रयोग केला, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील दीडशें गांवें निवडून तेथें श्रोत्यांचीं मंडळें स्थापन करण्यांत आलीं. आठवड्यांतून दोनदां अर्धा तास मराठींत शेतीविषयक कार्यक्रम, असे एकंदर वीस. गांवकऱ्यांनीं तो एकत्र बसून ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, आणि शंका केंद्राकडे पाठवावयाच्या. युनेस्कोनें त्यास साहाय्य केलें, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें त्याची पाहणी केली, आणि या प्रयोगाचा वृत्तांत देशोदेशींच्या अभ्यासकांनीं वाचला. ऐकून गप्प बसणारा शेतकरी या बैठकींत बोलूं लागला, हें त्या पाहणीचें सार आहे. परंतु गांवास एक संच आणि त्याभोंवतीं मंडळ, या रचनेमागें समाजशास्त्राइतकेंच वीज-शास्त्रहि उभें होतें असें आम्हांस वाटतें. कारण घरोघरीं संच ही गोष्ट त्या वर्षीं कोणाच्या स्वप्नांतहि बसणारी नव्हती. पुढें ती बसली, आणि मंडळें मात्र हळूहळू मागें पडलीं. दोन्ही लाभ एकत्र मिळाले असते तर बरें झालें असतें.

बंगळूरच्या सरकारी कारखान्यांत १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ट्रॅन्झिस्टर तयार होऊं लागले, आणि 'ट्रॅन्झिस्टर' हा शब्दच मराठींत रेडिओचें नांव होऊन बसला. लग्नांत वराकडील मंडळी तो मागूं लागली. पुढें आणीबाणींत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास तो बक्षीस म्हणून मिळे, अशीहि त्याची कीर्ति झाली. तिजबद्दल अधिक न लिहिणें बरें. आमच्या मामांचा संच या पहिल्या पिढींतलाच. आवाज बंद असतां त्याचा खर्च पाऊण-एक दशांश वॉटापेक्षां अधिक नसावा. जुन्या नळ्यांच्या संचाचा तो बाराव्या-पंधराव्या हिश्श्याहून अधिक नव्हे. टॉर्चचे चार सेल, रोज दोन-तीन तास ऐकलें तर, महिना-दीड महिना सहज पुरत.

आतां उन्हाच्या गोष्टीकडे वळूं. जर्मेनियमचा गुण हा, कीं त्याचें दार थोड्या दाबानें उघडतें. दोष हा, कीं तें कधींच घट्ट मिटत नाहीं. दार बंद केलें तरी थोडा प्रवाह झिरपतोच, आणि उष्णता सुमारें दहा अंशांनीं वाढली कीं हें झिरपणें दुप्पट होतें. ट्रॅन्झिस्टराचे गुण पुस्तकांत लिहिलेले असतात ते २५ अंश सेल्सिअसचे. यवतमाळ जिल्ह्यांत वैशाखांत सावलींतच पारा ४५ ला टेकतो, आणि उन्हांत ठेवलेल्या पेटीच्या पोटांत तो ६५ वर गेला तर नवल नाहीं. म्हणजे चाळीस अंशांची वाढ, आणि झिरपणें सोळा पट! वाफ्यांत आधींच पाणी तुंबल्यावर पोऱ्यानें फावडें हलविलें काय, न हलविलें काय, सारखेंच. लाटेस वर-खालीं होण्यास जागाच उरत नाहीं. आवाज घोगरा होतो, मग बंद पडतो. निवल्यावर झिरपणें कमी होऊन दार पुन्हां हलूं लागतें. मामी म्हणाल्या तें हेंच.

याहून वाईट प्रकार शेवटच्या जोडींत घडूं शकतो. झिरपलेल्या प्रवाहानें ट्रॅन्झिस्टर तापतो, तापल्यानें अधिक झिरपतें, त्यानें तो अधिक तापतो, आणि अखेर जळतो. यावर अभियंत्यांनीं दोन उपाय योजले. एक, प्रवाहाच्या वाटेंत लहानसा रोध ठेवावयाचा, म्हणजे प्रवाह वाढूं लागला कीं तोच आपलें दार आपण लोटून घेतो. दुसरा, तापल्यावर ज्याचा रोध घटतो असा थर्मिस्टर नांवाचा मणि त्या जोडीशेजारीं बसवावयाचा, म्हणजे ऊन वाढेल तसें दार हळूहळू मिटत जाईल. पण येथें कांहींच फुकट मिळत नाहीं. रोधावर अर्धा व्होल्ट खर्ची पडला तर सहा व्होल्टांच्या संचास तो फारसा जाणवत नाहीं. दोन सेलांच्या, तीन व्होल्टांच्या संचांत तो सहावा हिस्सा होतो. दाब जितका कमी, तितकी सावधगिरी महाग. अल्प दाबाच्या विवर्धकाची रचना करणाऱ्याची सारी कुशलता या एका विवंचनेंत खर्च होते.

दुसरी विवंचना दोन पोऱ्यांच्या सांध्याची. एकानें दार बंद केलें त्याच क्षणीं दुसऱ्यानें उघडलें पाहिजे. मध्यें क्षणभर दोन्ही बंद राहिलीं तर लाट तुटते, आणि ती तुटल्याचें हळू आवाजांतच अधिक बोंचतें. म्हणून दोन्ही दारें केंसभर उघडीं ठेवतात. शांततेचा खर्च शून्य न होतां शून्याजवळ राहतो तो यामुळें. सेल उतरूं लागले कीं ही फट बुजते, आणि मग तो ओरखडल्यासारखा आवाज येतो, जो त्या पिढींतील प्रत्येकाच्या कानांत अजून असेल. तसा आवाज आला कीं घरोघर सेल काढून उन्हांत वाळत घालीत. ऊन खाल्लेले सेल आणखी दोन-चार दिवस रेटत. उन्हानें सेलांस बळ यावें आणि त्याच उन्हानें संचाचा घसा बसावा, हा विरोध आम्हांस लहानपणीं फार गमतीचा वाटे.

पुढें जर्मेनियम जाऊन सिलिकन आलें. त्याचें दार फार घट्ट मिटतें. वैशाखाची त्यास भीति नाहीं. पण उघडण्यास तें ०.६ व्होल्ट मागतें. अशीं दोन दारें एकावर एक आलीं कीं १.२ व्होल्ट झाले, आणि म्हातारा सेल देतो १.१! तेव्हां एका सेलावर चालणाऱ्या विवर्धकांत दारें एकावर एक न रचतां शेजारीं शेजारीं मांडण्याची कला शोधावी लागली. १९७८ सालीं बॉब विड्लर या विक्षिप्त पण असामान्य अमेरिकनानें एलएम-१० नांवाचा विवर्धक करून १.१ व्होल्टांत तो चालविला. १९२२ सालच्या त्या नळीच्या तंतूसहि १.१ व्होल्टच लागत. मधल्या छप्पन्न वर्षांत बिचारा सेल आपल्या जागींच होता, सुधारली ती माणसाची अक्कल.

स्वित्झर्लंडांतील घड्याळवाल्यांची गोष्ट आणखी चटकदार आहे. मनगटावरच्या घड्याळांत बोराएवढा सेल, आणि तो वर्षभर तरी टिकला पाहिजे. तेथील एरिक व्हिट्टोझ प्रभृति संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत असें दाखविलें, कीं ट्रॅन्झिस्टर बंद झाला असें पुस्तकें जेथें म्हणत, तेथें जें सूक्ष्म झिरपणें चालू असतें त्यावरहि विवर्धक चालवितां येतो. आणि प्रवाहाच्या मानानें दाराची हुकमत तेथेंच सर्वांत अधिक असते. ज्या झिरपण्यानें मामांचा संच मुका केला, त्याच्याच जातभाईस या लोकांनीं कामाला लावलें.

तरीहि यास तळ आहे. १९७२ सालीं स्वॅन्सन व माइंड्ल यांनीं हिशेब करून सांगितलें, कीं नेहमींच्या तापमानांत अशीं मंडलें सुमारें ०.२ व्होल्टांच्या खालीं नीट चालणार नाहींत. त्याचें मूळ एका आंकड्यांत आहे: साध्या घरगुती उष्णतेंत विद्युत्कणांची जी आपोआपची चळवळ चालू असते ती २६ मिलिव्होल्टांच्या तोडीची असते, आणि दाराची हालचाल या चळवळीच्या कांहीं पट तरी असलीच पाहिजे. शक्तीची गोष्टहि तीच. प्रवाह फार घटविला कीं मागें खरखर उरते. ती केंद्राची नसून उष्णतेनें थरथरणाऱ्या विद्युत्कणांची असते. म्हणजे या काटकसरीची शेवटची हद्दहि उन्हानेंच आखून दिली आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आर्णीस जाण्याचा योग आला. मामा आतां नाहींत. माळ्यावर तो संच होता. मागची पाटी काढून पाहिली. गळलेल्या सेलांनीं पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या करून टाकल्या होत्या, पण शेवटच्या जोडीशेजारीं तो थर्मिस्टरचा मणि जागच्या जागीं होता. कोण्या थंड मुलखांतील अभियंत्यानें तो बेतला असावा. वैशाखांतील ओटा त्याच्या हिशेबांत आला नसावा.

मामी नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांच्या कानामागें एक श्रवणयंत्र असतें. हरभऱ्याएवढा सेल, १.४ व्होल्टांचा, आणि प्रवाह एका मिलिअँपिअरच्या आसपास. आम्हीं उघडलेला संच त्यांनीं बराच वेळ न्याहाळला, आणि मग कानाकडे बोट करून विचारलें, "याला रे ऊन लागतें का?"

"ऊन नाहीं लागत, मामी," आम्हीं म्हटलें. "घामाला मात्र जपा."